तिसऱ्या कडव्यातली जागा

"तुमचं हे देवाचं गाणं गोड आहे हो आई, पण तिसऱ्या कडव्यात ते माझ्या खांद्यांवर उठतं," सूनबाई पुटपुटली.

चादरीची टोकं जुळवायला आम्ही दोघी नाकाला नाक लागेल इतक्या जवळ आलो होतो, म्हणून मला ते ऐकू आलं. एरवी आमच्या लॉन्ड्रीत पुटपुटणं वाया जातं. एकीकडे यंत्रांची घरघर, दुसरीकडे इस्त्रीच्या वाफेचे सुस्कारे. इथे कोणाला भांडायचं असेल तर त्यालाही आधी जवळ यावं लागतं.

"खांद्यांवर कसं उठतं?"

"पहिल्या कडव्यात चादर वर जाते, खाली येते. दुसऱ्यातही. तिसरं आलं की सगळे हात वर करून उभे, दरोडा पडल्यासारखे. आपण वाट कशाची बघतो?"

"सवय होईल."

"सवय झालीये. म्हणूनच दुखतात."

पोरगी माझ्या मुलाशी लग्न करून घरात आली त्याला फार दिवस झाले नव्हते, पण जिभेला धार होती. मला आवडायची. मात्र त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कोणी कोणाला देत नसे, म्हणून मी पुढची चादर उचलली.

चादरी आमच्याकडे हॉटेलांच्या येतात आणि दवाखान्याच्या येतात. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही. होते म्हणणाऱ्यांची घडी मी बघितली आहे, पोटाशी आवळून धरलेल्या मांजरासारखी दिसते. दोन माणसं लागतात, आणि दोघांचे हात एकदमच हलावे लागतात. त्यासाठी माझ्या सासूबाईंनी तरुणपणी एक स्तवन रचलं. म्हणजे रचलं देवासाठीच, चादरींचा फायदा आपोआप झाला.

उजेडाचे पाणी दारी
वाऱ्याची ही दोरी वरी
ओले मन वाळे तरी
तूच दिले, तूच दिले

पहिल्या ओळीला टोकं धरून ताणायचं. दुसरीला हात वर नेऊन चादर लांबीत दुमडायची. तिसरीला चालत एकमेकींकडे यायचं आणि टोकं समोरच्या हातात द्यायची. मग एकीनं "तूच दिले" म्हणायचं, दुसरीनं "तूच दिले" म्हणायचं, आणि घडी ढिगावर. ओळ आठ अक्षरांची, कारण पावलंही तेवढीच पडतात. छंदांबद्दल मी पुढे वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलं, तेव्हा कळलं की मोठमोठ्या लोकांनी यावर वाद घातले आहेत. माझ्या हातांना ते आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे वाद घालावासा वाटला नाही.

सासूबाईंचं मला सगळ्यात कौतुक वाटतं ते यमकाचं. दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावावा तसं त्या ओळीच्या शेवटी यमक लावतात. वारा कितीही येवो, ओळ उडून जात नाही. दुसरं कडवं बघा.

मळलेले हात माझे
त्यांत तुझे शुभ्र ओझे
डाग जाता नाव तुझे
तूच दिले, तूच दिले

"आणि डाग राहिला तर नाव कोणाचं?" असं मी नवी असताना त्यांना विचारलं होतं.

"लॉन्ड्रीचं," त्या म्हणाल्या.

तेच तेच "तूच दिले" दिवसभर म्हणून कंटाळा येत नाही का, हेही विचारलं होतं. त्यांनी थोडा विचार केला. "पहिल्यांदा तोंड म्हणतं गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा म्हणताना मन पोचतं. उशिरा पोचणाऱ्यांसाठी थांबायला नको का?"

आणि हे तिसरं कडवं, आम्ही म्हणतो तसं.

एका दोरीवर तिन्ही
. . . . मधला नि
धाकटी ही, तिची वेणी
तूच दिले, तूच दिले

त्यांची मुलं लहानपणी मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीला लोंबकळत, तेव्हाचं हे आहे. दुसऱ्या ओळीत पहिली चार अक्षरं नाहीत. तेवढा वेळ सगळी लॉन्ड्री गप्प राहते, हात वर, चादर हवेत. मग "मधला नि" म्हणून सगळे पुढे जातात.

मधला म्हणजे माझा नवरा. केस गेले, पोट आलं, तरी सगळ्यांचा मधलाच; कामाला येणारे त्याला मधले मालक म्हणतात. धाकटी म्हणजे माझी नणंद, इस्त्रीच्या टेबलाची राणी. तिनं वेणी कधीच कापून टाकली, आता मानेपर्यंत पांढरे केस आहेत. कापून आली त्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कापलीस तर कापलीस. कडव्यात आहे ती पुरे."

हे असंच चालत राहिलं असतं, पण गाण्याच्या बाई पडदे न्यायला आल्या.

या बाई प्रार्थनागृहात गाणं शिकवतात, आणि तिथले पडदे आमच्याकडे धुवायला येतात. त्यांनी दारातून स्तवन ऐकलं आणि पडद्यांचं गाठोडं छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परत आल्या. प्रार्थनागृहाचं गाण्यांचं नवं पुस्तक छापायला जाणार होतं. त्यात हे स्तवन त्यांना हवं होतं, आणि सगळ्या सभेकडून म्हणून घ्यायचं होतं.

सासूबाई खिडकीपाशी उंच खुर्चीवर बसून फाटके काठ शिवतात. आता घड्यांचं काम त्यांना झेपत नाही. त्यांनी सुई काठात टोचून ठेवली.

"हे तुम्ही कोणाकडून शिकलात, आजी?" बाईंनी विचारलं.

"चादरीकडून. ओळ लांबली की ती चुरगळते."

बाई मनापासून हसल्या. मग टेबलावर बोटांनी ठेका धरून त्यांनी तिन्ही कडवी म्हटली, फार सुंदर म्हटली. माझ्या नणंदेनं इस्त्री उभी करून ठेवली, जे ती गिऱ्हाईक आलं तरी करत नाही. देवाची स्तुती इतकी साधी असूनही कुठे ढिली पडत नाही, बाई म्हणाल्या. मोठे शब्द नाहीत, मागणं नाही, नुसती पोच. त्या म्हणत होत्या आणि सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या, दुसऱ्या कोणाच्या मुलीचं कौतुक चाललंय तशा.

"फक्त हे इथे," बाईंचं बोट टेबलावर थांबलं. "तिसऱ्या कडव्यातली दुसरी ओळ अर्धीच आहे."

माझा नवरा बॉयलरचा काटा बघायला गेला. हा काटा घरातल्या कुठल्याही अवघड प्रसंगी बघावा लागतो.

"इथे आम्ही थांबतो," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही थांबता. भरलेली सभा नाही थांबणार, आजी. आमच्या लोकांना गप्प राहा म्हटलं की ते खोकतात. चार अक्षरं घालूया. 'दयाळा रे, मधला नि'?"

"दयाळाला पोरांच्या रांगेत कशाला उभं करता?"

"मग 'सोनुकला मधला नि'?"

सगळ्यांनी बॉयलरकडे पाहिलं. माझा नवरा टक्कल पुसत उभा होता.

"तुम्हीच बघा," सासूबाई म्हणाल्या, आणि बाईंनाही हसू आवरेना.

पण जाताना त्या गंभीर झाल्या. मजकूर शुक्रवारी छापायला जाणार. ओळ भरून द्या, नाहीतर ते कडवं गाळावं लागेल. "पुस्तकात आलं की तसंच राहील हं आजी. पुढे सगळे तसंच म्हणतील. म्हणून नीट ठरवा."

बाई चांगल्या होत्या. त्यांना काय माहीत, की त्यांनी नेमकी तीच गोष्ट सांगितली जिची सासूबाईंना धास्ती होती.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. माझा नवरा दुपारपासून कसल्या तरी विचारात होता. मधेच त्यानं घसा साफ केला.

"'साधाभोळा मधला नि'," तो म्हणाला. "आठ होतात. मोजली मी."

माझ्या नणंदेला ठसका लागला. "साधाभोळा? तू? मधल्या, देवासमोर म्हणायचंय ते."

"वजनात बसतंय की नाही ते बोल."

"बसतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात ताटावर थांबला होता. "पण ती जागा रिकामी आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

तेवढ्यात सूनबाई, तिला बिचारीला आमच्या घरातल्या कुठल्या फळीवर पाय द्यायचा नाही हे ठाऊक नव्हतं, म्हणाली, "मला एक कळत नाही. बाबा मधले, आत्या धाकट्या. दोघांत मधला कसा असतो?"

"मीठ दे गं," माझी नणंद म्हणाली.

मीठ तिच्याच पुढ्यात होतं.

माझा मुलगा ताटात बघत राहिला. त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, कारण त्याला तरी कोणी कुठे सरळ सांगितलं होतं. भांडी आवरताना मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. इथेही सांगते; लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

त्या जागी "थोरला नि" होतं.

माझे मोठे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आणि माझा नवरा जोडीनं घड्या घालत. दोघांचे हात असे चालत की चादर स्वतःच दुमडतेय असं वाटावं. त्यांच्या जोडीत पहिलं "तूच दिले" माझ्या नवऱ्याचं असे आणि दुसरं थोरल्यांचं. पुढे कधीतरी थोरल्यांचा विश्वास उडाला. कशानं उडाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रंग जातो तसा गेला. त्यांनी ना वाद घातला ना कोणाची टिंगल केली. फक्त आपल्या वाटचं "तूच दिले" म्हणणं सोडलं. मनात नसताना म्हटलं तर ते खोटं होईल, एवढंच ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

तेव्हा माझा नवरा दोन्ही म्हणू लागला. एकदा आपल्या आवाजात, एकदा थोडा जाड आवाज काढून. वडिलांना कळू नये म्हणून. बरेच दिवस खपलं. पण माझे सासरे स्तवन नुसतं ऐकत नसत, त्यावर लॉन्ड्री चालवत. एका दुपारी यंत्रं बंद होती आणि त्यांच्या लक्षात आलं की चादरीच्या दोन्ही टोकांना एकच माणूस बोलतोय.

सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. "ज्याला स्तुती म्हणायची नाही, त्याला स्तुतीत म्हणायचं नाही," एवढंच म्हणाले. थोरल्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि गेले. आता ते लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतात. सासऱ्यांच्या शेवटच्या दिवशी आले होते, दाराशी उभे राहिले. माझा नवरा त्यांच्याशी बोलला नाही. ते आले तसे गेले.

तेव्हापासून घरात तो शब्दच नाही. लॉन्ड्रीत दोन बॉयलर आहेत. धाकटा बॉयलर अजून धाकटाच आहे, पण दुसऱ्याला आम्ही "मागचा" म्हणतो. फोन येतो तेव्हा "तिकडून फोन आहे" असं म्हणतात, आणि सासूबाई जाऊन तिकडे ऊन आहे का, कपडे वाळतात का, हे विचारतात. तिकडे कपडे वाळतात.

पण सासूबाईंनी काय केलं ते बघा, म्हणजे मला त्यांचं एवढं का वाटतं ते कळेल. नवऱ्याचं ऐकलं. तो शब्द तोंडातून काढला नाही. पण त्याच्या जागी दुसरा घातलाही नाही. सासरे म्हणाले, अगं नवं काहीतरी जोड. त्या म्हणाल्या, सुचत नाही. उठता-बसता अंगाईपासून उखाण्यापर्यंत वाटेल ते जोडणारी बाई, तिला चार अक्षरं सुचेनात. आणि पहिल्या ओळीतलं "तिन्ही"? सासरे म्हणाले, तिन्ही नको, दोन्ही कर. सासूबाई म्हणाल्या, "दोन्हीचंही यमक जुळतं म्हणा, पण दोरी तिघांच्या वजनानं वाकली होती. देवासमोर खोटं वजन कसं सांगू?" सासऱ्यांना त्यांनी असं देवाच्याच नावानं गाठीत बांधलं. तेव्हापासून आमच्या स्तवनात तिघांची मोजणी आहे, दोघांची ओळख आहे, आणि मधे एक जागा राखलेली आहे, प्रवासात शेजारच्या आसनावर रुमाल टाकून ठेवावा तशी.

सूनबाई ओला हात पदराला न पुसता तशीच उभी होती. "म्हणजे आजी रोज त्यांची वाट बघतात," ती म्हणाली. "आणि आपल्या सगळ्यांचे हात वर करून बघतात."

मला इतकी वर्षं हे असं म्हणता आलं नव्हतं.

"आणि बाबा?"

"बाबांना राग आहे."

"ते गेले म्हणून?"

"दोन्ही टोकांचं म्हणायला याला एकट्याला ठेवून गेले म्हणून."

शुक्रवारी दुपारी बाई आल्या. सासूबाईंनी सुई खाली ठेवली आणि कोणी विचारायच्या आत सांगितलं, "तिसरं कडवं काढून टाका."

इस्त्रीखाली वाफ कोंडली. "आई, मीही आहे त्यात," माझी नणंद म्हणाली.

"तू घरात आहेस की. पुस्तकात कशाला हवीस?"

"माझी वेणी त्या कडव्यातच शिल्लक आहे."

सासूबाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. "अर्धी ओळ बाईंना छापता येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि भरलेली मला म्हणता येत नाही. मग नसलेली बरी."

माझ्या नवऱ्यानं बॉयलरकडे पाहिलं, पण गेला नाही.

बाईंनी कागद उघडलाच नव्हता. त्यांना काहीतरी कळलं असावं; सगळं नाही, पण पुरेसं. "छापायचं नसलं तरी चालेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण एकदा तुमच्या तोंडून पुरं ऐकू द्या, आजी."

"बसून नाही म्हणता येत मला ते. चादर द्या."

त्या उठल्या. धुतलेल्या ढिगातून त्यांनी दवाखान्याची एक मोठी पांढरी चादर काढली आणि दोन टोकं धरली. दुसरी दोन सूनबाईनं उचलली. तेवढ्यात माझा नवरा मधे आला आणि त्यानं ती तिच्या हातातून घेतली.

"दे इकडे. तुझे खांदे दुखतात ना."

म्हणजे आमच्या लॉन्ड्रीत पुटपुटणं अगदीच वाया जात नसावं.

मायलेकांनी चादर ताणली. उजेडाचे पाणी दारी. सासूबाईंचा आवाज आता चिरकतो, पण ठेका जागचा हलत नाही. पहिलं कडवं झालं, पहिलं "तूच दिले" त्यांनी म्हटलं, दुसरं त्यानं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला दुसरी चादर. मग तिसरी.

एका दोरीवर तिन्ही.

हात वर गेले. सगळे थांबले, बाईही थांबल्या, कोणी खोकलं नाही. सासूबाईंच्या बाह्या खाली घसरल्या होत्या आणि त्यांचे काडीसारखे हात थरथरत होते. कापड मोठं चहाडखोर असतं. एका टोकाची थरथर ते दुसऱ्या टोकाला पोचवतं. माझा नवरा आपल्या हातातल्या काठाकडे बघत होता.

"मधला नि," त्या म्हणाल्या, आणि कडवं पुरं झालं. घडी ढिगावर गेली.

आता त्या बसतील असं मला वाटलं. बसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक चादर घेतली.

"आई, पुरे," तो म्हणाला. "दमलीस."

"काढून टाकायचंच आहे, तर एकदा पुन्हा म्हणते. धर."

त्यानं धरली. पुन्हा तेच, त्याच चालीत, तिळभरही घाई न करता: एका दोरीवर तिन्ही. पुन्हा ते हात वर गेले, आता जास्त थरथरत, आणि ती सबंध चादर पाण्यावर वारा यावा तशी कापू लागली. सासूबाई मुलाकडे बघत नव्हत्या. त्या नेहमीसारख्या समोर कुठेतरी, दाराच्या दिशेनं बघत होत्या.

माझ्या नवऱ्याला सुरात म्हणता येत नाही, कधीच आलं नाही. आताही आलं नाही. पण वजनाला चोख होतं, नेमकं त्या जागी पडलं.

"थोरला नि," तो म्हणाला.